ऐकण्याच्या मुळाशी

2009 साली बॉस्टनमधील शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा गोंगाट ऐकवला. उंदरांचे कान काही काळ बधिरले आणि दोनेक आठवड्यांत पूर्ववत झाले, तेही अपेक्षेप्रमाणेच. कमीत कमी किती आवाज ऐकू येतो हे पाहणाऱ्या चाचणीत हे उंदीर निर्दोष ठरले. आवाज टिपणाऱ्या केशपेशीही शाबूत होत्या. मात्र या पेशी आणि श्रवणचेतेचे तंतू जिथे एकमेकांना भेटतात ते सिनॅप्स मोजले, तेव्हा उंच स्वर टिपणाऱ्या भागातले जवळजवळ निम्मे सिनॅप्स कायमचे गेलेले आढळले. पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांच्यामागचे चेतातंतूही हळूहळू झडत गेले. बाहेरून बरा झालेला कान आतून अर्धा तुटलेला होता.

तोवर वैद्यकाचा आडाखा असा होता की तात्पुरता बधिरपणा हा थकवा असतो, तो उतरला की कान जसाच्या तसा. आवाजाच्या मर्यादा ठरवतानाही हाच आडाखा पायाशी होता. फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणाऱ्या फटाक्यांवर आपल्याकडे बंदी आहे, पण कुठलीही मर्यादा आखताना जी हानी मोजता येते तिचाच विचार होतो. न मोजलेली हानी हिशोबात येत नाही. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर चार तास नाचलेल्या मुलाच्या कानात दुसऱ्या दिवशी वाजत राहते, तिसऱ्या दिवशी ते थांबते आणि घरचे सगळे निश्चिंत होतात. माणसांच्या बाबतीत सावधपणे बोलायला हवे, कारण धडधाकट तरुणांवर केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष उलटसुलट निघाले आहेत. तरी 2019 साली मृत्यूनंतर दान मिळालेल्या कानांच्या तपासणीत एक गोष्ट स्वच्छ दिसली: वाढत्या वयात केशपेशी जितक्या जातात त्याहून कितीतरी अधिक चेतातंतू त्यांच्यापासून तुटलेले असतात. ‘ऐकू येते, पण चार माणसांत बोललेले कळत नाही’ ही घरोघरच्या आजी-आजोबांची तक्रार ऑडिओग्रामच्या, म्हणजे कमीत कमी किती आवाज ऐकू येतो हे दाखवणाऱ्या आलेखाच्या, कागदावर उमटत नाही, त्याचे एक कारण इथे असू शकते.

ऑडिओग्राम सारखाच असलेल्या दोन माणसांच्या कानांतले बिघाड पूर्णपणे वेगळे असू शकतात. आता उपचार बिघाडाच्या जागेपर्यंत पोहोचू लागले आहेत. अशा वेळी ती जागा नॅनोमीटरच्या मापात, तिन्ही मितींत आणि सलग पाहणे ही चैन राहिलेली नाही. ते पाहण्याचे आज हाती असलेले सर्वांत बारीक साधन म्हणजे केंद्रित आयनझोताची जोड दिलेला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. प्रयोगशाळांत त्याला ‘फिब-सेम’ म्हणतात. हे यंत्र महाग आहे, संथ आहे आणि पाहिलेली वस्तू नष्ट करते. तरीही त्याच्या बाजूने बोलले पाहिजे असे मला ठामपणे वाटते, आणि त्याच्याविरुद्धचे आक्षेप खरे असल्यामुळे त्यांना सविस्तर उत्तर देणेही भाग आहे.

आधी मापे पाहू. माणसाच्या आंतरकर्णातली कॉक्लिया म्हणजे सुमारे 35 मिलिमीटर लांबीची, अडीच-पावणेतीन वेढे घेतलेली द्रवाने भरलेली नळी. तिच्या संपूर्ण लांबीत आतल्या केशपेशी अवघ्या 3,500 आणि बाहेरच्या सुमारे 12,000. बाहेरच्या पेशी आवाज वाढवतात, तर मेंदूकडे जाणारी जवळजवळ सगळी माहिती आतल्या 3,500 पेशींमधून जाते. या पेशी जन्मानंतर पुन्हा तयार होत नाहीत. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर स्टिरिओसिलिया नावाच्या ताठ, सूक्ष्म काड्या उतरत्या उंचीने उभ्या असतात आणि बुटक्या काडीचे टोक शेजारच्या उंच काडीशी एका धाग्याने जोडलेले असते. 1984 साली पिकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेला हा धागा साधारण 150 नॅनोमीटर लांब आणि जेमतेम 10 नॅनोमीटर जाड आहे. काड्या कलल्या की धागा ताणला जातो आणि पेशीतला विद्युतप्रवाह बदलतो. पेशीच्या तळाशी प्रत्येक सिनॅप्सजवळ ‘रिबन’ नावाचा एक गडद कण असतो. त्याभोवती सुमारे 40 नॅनोमीटरच्या पुटिका जमलेल्या असतात आणि 20 नॅनोमीटरच्या फटीपलीकडे चेतातंतूचे टोक असते. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला 200 नॅनोमीटरखालचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. म्हणजे आपले ऐकणे ज्या रचनांवर उभे आहे, त्यातल्या निर्णायक रचना प्रकाशाच्या आवाक्याबाहेर आहेत.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही अडचण फार पूर्वीच ओलांडली होती. अल्फोन्सो कोर्ती यांनी 1851 साली ज्या अवयवाचे वर्णन केले, त्याच्या केशपेशीतला हा सिनॅप्सजवळचा गडद कण स्मिथ आणि श्योस्ट्रँड यांनी 1961 मध्ये गिनिपिगच्या कानात दाखवला. परंतु तेव्हाचे आणि आजचेही पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन कापांवर चालते. राळेत बसवलेल्या ऊतीचे 70 नॅनोमीटर जाडीचे काप हिऱ्याच्या सुरीने काढायचे, एकेक जाळीवर घ्यायचे, एकेक पाहायचे. काप सुरकुततो, फाटतो, हरवतो, आणि दोन कापांच्या दरम्यान जे होते ते अंदाजाने भरावे लागते. लिबरमन यांनी मांजराच्या श्रवणचेतेतल्या एकेका तंतूची विद्युतनोंद घेऊन, त्याच तंतूत रंगद्रव्य भरून, तो केशपेशीच्या कुठल्या बाजूला जाऊन भिडतो हे 1982 साली दाखवले. शांततेतही सतत स्पंदणारे तंतू पेशीच्या एका बाजूला आणि मोठ्या आवाजालाच प्रतिसाद देणारे दुसऱ्या बाजूला, ही मांडणी त्या चिकाटीतून कळली. पुढे 2004 मध्ये विन्फ्रीड डेंक आणि हाइन्झ होर्स्टमन यांनी सुरीच सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात कक्षात बसवली. काप टाकून द्यायचा आणि उरलेल्या ठोकळ्याच्या पृष्ठभागाचे चित्र घ्यायचे, ही त्यांची कल्पना. त्यामुळे हरवणारा काप हा प्रश्नच संपला. सुरीची जाडी मात्र राहिली. साधारण 25 नॅनोमीटरच्या खाली ती भरवशाने जात नाही.

आयनझोत आला तो सेमीकंडक्टर उद्योगातून. चिपमधला दोष शोधायला तिचा नेमका तेवढाच भाग कोरून काढायचा, या कामासाठी गॅलियमच्या आयनांचा झोत वापरला जात होता. 2006 ते 2008 या काळात तो जीवशास्त्रात रुळला. लोझानमधील ग्रॅहम नॉट आणि सहकाऱ्यांनी 2008 साली मेंदूच्या ऊतीवर त्याचा वापर दाखवला. कानासाठी मात्र यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीचीच वाट लांब आहे. कॉक्लिया कानशिलाच्या हाडात बसलेली असते आणि तो भाग शरीरातल्या सर्वांत कठीण हाडांपैकी एक. म्हणून आधी ऊती ग्लुटराल्डिहाइडने स्थिर करायची, मग ईडीटीएच्या द्रावणात ठेवून हाडातले कॅल्शियम काढायचे. उंदराच्या इवल्याशा हाडाला काही दिवस पुरतात, माणसाच्या हाडाला महिनोन्महिने लागतात. त्यानंतर ऑस्मियम टेट्रॉक्साइड, युरेनियमचे आणि शिशाचे क्षार, कारण इलेक्ट्रॉनांना जड धातूच दिसतात. पेशीपटलाला धातू चिकटला नाही, तर पुढचे सगळे व्यर्थ. मग अल्कोहोलने पाणी काढून इपॉक्सी राळ भरायची आणि ओव्हनमध्ये घट्ट करायची. हाती येतो तो काळाकुट्ट, अपारदर्शक ठोकळा. त्यात हवी ती केशपेशी नेमकी कुठे आहे हे शोधायला क्ष-किरणांचे मायक्रो-सीटी करावे लागते. जागा सापडली की तिच्यावर प्लॅटिनमचा पातळ थर बसवतात आणि पुढ्यात खंदक कोरतात, म्हणजे पाहायची भिंत उघडी पडते. आता कक्षात दोन झोत एकमेकांशी सुमारे 52-54 अंशांचा कोन करून उभे असतात. गॅलियमचा झोत भिंतीवरून फिरतो आणि 5 ते 10 नॅनोमीटरचा थर उडवून लावतो. इलेक्ट्रॉनांचा झोत नव्या पृष्ठभागावरून फिरतो आणि चित्र घेतो. पुन्हा थर, पुन्हा चित्र. यंत्र बिनबोभाट चालू राहते, तरी खोलीचे तापमान अर्ध्या अंशाने सरकले तर झोत सरकतो, आणि थर सम न निघाल्यास चित्रावर उभ्या रेघा उमटतात.

या खटाटोपातून मिळते काय? चित्रातला प्रत्येक बिंदू लांबी, रुंदी आणि खोली या तिन्हींत सारखाच बारीक असतो. या एका गुणामुळे संगणकावर तो ठोकळा हव्या त्या प्रतलात पुन्हा कापता येतो आणि तिरक्या कापातही चित्र फुटत नाही. कानाला हे का लागते, ते काडीच्या मुळाकडे पाहिले की कळते. स्टिरिओसिलियमच्या आत ॲक्टिन प्रथिनाचे समांतर तंतू गच्च भरलेले असतात. काडी खाली निमुळती होते, आणि त्या निमुळत्या जागेतून ॲक्टिनची आणखी दाट, गडद अशी एक जुडी पेशीच्या माथ्यावरच्या जाड थरात खोल शिरते. हेच तिचे मूळ. खळ्यातला तिवडा जमिनीत जेवढा पुरलेला असेल तेवढ्यावरच बैलांचा फेर सहन करतो, तसे या मुळाचे आहे. ट्रायोबीपी नावाच्या प्रथिनाशिवाय ही मुळे बनत नाहीत. या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे जन्मतः तीव्र बहिरेपणा येतो हे 2006 साली भारत, पाकिस्तान आणि पॅलेस्टाईनमधील कुटुंबांच्या अभ्यासातून कळले. 2010 साली याच जनुकात बदल केलेल्या उंदरांत दिसले की काड्या व्यवस्थित वाढतात, उंचीचा उतारही बरोबर असतो, पण मुळे नसतात. त्या काड्या सहज कलतात, सहज दुखावतात आणि पेशी कालांतराने मरते. त्याच प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यांत मुळे होती, पण बेढब: पेशीच्या थरात रोडावलेली आणि काडीच्या आत प्रमाणाबाहेर जाड व लांब. या उंदरांची श्रवणशक्ती हळूहळू गेली. मूळ नसणे आणि मूळ वेडेवाकडे असणे यांतला फरक एखाद्या कापावरून ठरवणे धोक्याचे आहे. काप मुळाच्या अक्षातून गेला की बाजूने, यावर त्याची लांबी-जाडी बदलते. सलग ठोकळ्यात मात्र अक्ष नंतर निवडता येतो आणि प्रत्येक मूळ टोकापासून टोकापर्यंत मोजता येते.

पहिला आक्षेप आकाराचा, आणि तो आकड्यांतच मांडावा. 10 मायक्रोमीटर बाजूचा ठोकळा 5 नॅनोमीटरच्या थरांनी पाहायचा तर 2,000 चित्रे लागतात आणि आठ अब्ज बिंदू साठवावे लागतात. एका थराला दीड मिनिट धरले तर पन्नास तास. एवढे करून एक आतली केशपेशीही त्यात पूर्ण मावत नाही, कारण तिची उंचीच 30 मायक्रोमीटरच्या पुढे आहे. कॉक्लियाच्या लांबीवर असे 3,500 ठोकळे एका रांगेत बसतील. मग एका ठोकळ्यावरून कानाबद्दल काय बोलणार? किती सिनॅप्स गेले, ही मोजणी या यंत्राचे काम नाहीच. ती प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने, रिबनला रंगवून, कानाच्या संपूर्ण लांबीवर करावी. चेतातंतूंचे जाळे कुठून कुठे जाते हे सुरीच्या यंत्राने पाहावे. उंदराच्या कॉक्लियातील असे जाळे 2021 मध्ये त्याच पद्धतीने उलगडले गेले आहे. आयनझोताकडे प्रश्न न्यायचा तो जागा आधी ठरवून. शिवाय आकाराची सीमा सरकते आहे. अमेरिकेतील जनेलिया केंद्रात शान शू आणि हॅरल्ड हेस यांनी हेच यंत्र महिनोन्महिने न अडखळता चालेल असे सुधारले. 2020 साली प्रसिद्ध झालेला फळमाशीच्या मेंदूच्या मोठ्या भागाचा नकाशा, त्यातल्या सुमारे 25,000 चेतापेशी आणि त्यांचे दुवे, याच यंत्राच्या 8 नॅनोमीटरच्या बिंदूंतून आला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ऐकणे ही हालचाल आहे आणि आपण पाहतो ते मेलेले, रसायनांनी आकसलेले, राळेत गोठलेले मांस. हे खरे आहे. नाजूक धागे स्थिरीकरणात तुटतात, पेशींमधल्या फटी रुंदावतात. अतिदाबाखाली क्षणार्धात गोठवण्याची पद्धत बरीच इमानदार आहे, पण ती पातळ तुकड्यांनाच चालते. म्हणून मृत ऊतीच्या चित्रावरून कार्य सांगणारा निष्कर्ष एकट्याने स्वीकारू नये. त्याच प्राण्याची श्रवणचाचणी आणि त्याच पेशीची विद्युतनोंद सोबत असावी. लिबरमन यांच्या 1982च्या कामाचे बळ याच जोडीत होते. मात्र निरोगी आणि दोषी कान एकाच पद्धतीने तयार केले असतील, तर दोघांतला फरक आकसण्यामुळे आला असे म्हणता येत नाही. बहुतेक उपयुक्त निष्कर्ष अशा तुलनेतूनच निघालेले आहेत.

प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शनाने 200 नॅनोमीटरची भिंत आता फोडली आहे, ऊती फुगवून पाहण्याची युक्तीही आली आहे, मग इलेक्ट्रॉन कशाला, असेही विचारले जाते. उत्तर थोडक्यात देता येते. प्रकाशात तेच दिसते जे आपण रंगवले. ज्या रचनेची शंकाच आली नाही ती काळोखात राहते. धातूने रंगवलेल्या ठोकळ्यात पटल, पुटिका, मायटोकॉन्ड्रिया, शेजारची आधारपेशी असे सगळे एकत्र येते, आणि दहा वर्षांनी सुचलेला प्रश्नही त्याच चित्रांना विचारता येतो. ठोकळा नष्ट होतो या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे, फक्त एका अटीवर: चित्रे सर्वांसाठी खुली हवीत. युरोपातील एम्पायर या सार्वजनिक संग्रहात कच्ची चित्रे ठेवण्याची सोय आहे. पुन्हा कधीच पाहता न येणाऱ्या ऊतीची चित्रे एखाद्या संस्थेच्या कपाटातल्या डिस्कवर पडून राहणे हे मला वैज्ञानिक शिष्टाचाराचे उल्लंघन वाटते.

आता रुग्णाचा प्रश्न. जिवंत माणसाच्या कॉक्लियाचा तुकडा काढता येत नाही, काढला तर ऐकणेच जाईल. मग या चित्रांचा दवाखान्यात उपयोग काय? उपयोग जनुकाच्या अहवालाला अर्थ देण्याचा आहे. ओटोफर्लिन या प्रथिनाशिवाय आतली केशपेशी पुटिका सोडू शकत नाही. हे प्रथिन बनत नसलेल्या बाळाच्या कानात केशपेशी असतात, काड्या असतात, बाहेरच्या पेशी चोख काम करतात. म्हणूनच प्रसूतिगृहात होणारी ओएई ही चाचणी ते बाळ ‘उत्तीर्ण’ होते आणि त्याचा बहिरेपणा निसटतो. तो पकडायला मेंदूकडे जाणारे स्पंदन मोजणारी बेरा चाचणी लागते. शांघायमधील फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात अशा सहा मुलांच्या कानात निरोगी जनुक पोहोचवण्यात आले आणि जानेवारी 2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालानुसार त्यांपैकी पाच जणांना ऐकू येऊ लागले. कानाची इमारत उभी होती, एकच दुवा नव्हता, तो मिळाला. ट्रायोबीपीच्या दोषात चित्र निराळे आहे. तिथे पेशीच कोसळत जाते, त्यामुळे जनुक पोहोचवायचे तर ती पडण्याआधी. हा अवधी किती आहे, कोणत्या वयापर्यंत कोणती रचना टिकते, हे रचना पाहिल्याशिवाय कळणार नाही. दोन्ही दोषांच्या मुलांचे ऑडिओग्राम तळाला टेकलेले असतात, आणि त्यावरून त्यांच्यात काहीच भेद करता येत नाही.

पैशाचा आक्षेप भारतात सर्वांत जोरात येणार आणि यायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या अहवालानुसार जगात 43 कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी उपचार-पुनर्वसनाची गरज आहे आणि 2050 पर्यंत हा आकडा 70 कोटींवर जाईल. त्यातल्या बहुतेकांना आज हवे आहे ते साधे श्रवणयंत्र, आणि तालुक्याच्या गावी ऑडिओलॉजिस्ट. त्यांच्या ताटातले काढून सूक्ष्मदर्शक घ्या, असे कोणी म्हणू नये. मीही म्हणत नाही. पण अशी यंत्रे पदार्थविज्ञान आणि सेमीकंडक्टर यांच्या कामासाठी भारतातल्या मोठ्या संस्थांमध्ये आधीपासून आहेत. कमी पडते ती नीट तयार केलेली ऊती आणि तिच्यावर काम करणारी माणसे. खुल्या संग्रहातली चित्रे उलगडायला तर यंत्रही लागत नाही, संगणक आणि चिकाटी लागते.

उरतो तो उंदीर. इथवर सांगितलेले बहुतेक पुरावे उंदराच्या कानातले आहेत. उंदीर दोन-तीन वर्षे जगतो, माणसाचा कान सत्तर-ऐंशी वर्षे चालतो. माणसाची चांगली जपलेली ऊती दुर्मीळ आहे, कारण मृत्यूनंतर काही तासांतच केशपेशी विरघळू लागतात. स्वीडनमधील उप्साला येथे हेल्गे रास्क-अँडरसन यांच्या गटाने कवटीच्या तळाशी असलेल्या गाठींच्या शस्त्रक्रियेत वाट करण्यासाठी काढाव्या लागणाऱ्या कॉक्लिया, रुग्णांच्या संमतीने, तत्काळ जतन करून अभ्यासल्या. बॉस्टनमध्ये 1992 पासून कानशिलाच्या हाडांच्या दानाची राष्ट्रीय नोंदणी चालते. माणसाच्या कानातले तुटलेले चेतातंतू मोजता आले ते अशा दानामुळेच. महाराष्ट्राला दान नवे नाही. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते हे इथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते आणि देहदानाचे अर्ज दरवर्षी भरले जातात. कानशिलाचे हाड काढल्याने चेहरा बदलत नाही. डोळ्यांसाठी धावणारी यंत्रणा त्याच फेरीत हेही करू शकेल, फक्त वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचना आणि कान-नाक-घसा विभागांनी तसे ठरवायला हवे. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी श्रवणचाचण्या रोज होतात, पण त्या नोंदी पुढे कधी त्याच माणसाच्या ऊतीशी जोडल्या जात नाहीत. ज्या वाचकांनी देहदानाचा अर्ज भरला आहे किंवा भरायचा विचार केला आहे, त्यांनी एकदा ऑडिओग्राम आणि बेरा करून घ्यावे, कोणत्या गिरणीत, कारखान्यात किंवा रस्त्यावर किती वर्षे काम केले ते लिहावे, आणि हे कागद अर्जाला जोडून कान अभ्यासासाठी वापरण्याची संमती स्पष्ट शब्दांत द्यावी.